मिर्चा एलियादे: लोकगाथांच्या वाटेनं हिरव्या सदऱ्यांपर्यंत

बडोद्याच्या गायकवाड ओरिएंटल सीरीजनं 'साधनमाला' हा बौद्ध तंत्रावरचा संस्कृत ग्रंथ १९२५ आणि १९२८ मध्ये दोन खंडांत छापला. १९३१ मध्ये त्याच मालेत 'गुह्यसमाजतंत्र' आलं. दोन्हींचे संपादक विनयतोष भट्टाचार्य. सयाजीराव महाराजांच्या काळात सुरू झालेल्या या मालेचे ग्रंथ जगभरचे अभ्यासक वापरत आले आहेत, आणि त्यांतला एक रुमानियाचा होता. योगावरच्या त्याच्या मोठ्या ग्रंथात तंत्रमार्गाचं प्रकरण वाचताना संदर्भांत बडोद्याचं नाव भेटतं. इथल्या वाचकाला त्याचा आनंद होतो, मलाही झाला.

त्या लेखकाचं नाव मिर्चा एलियादे. धर्मांचा तौलनिक इतिहास हा विषय विसाव्या शतकात विद्यापीठांत रुजवणाऱ्यांत त्याचं नाव फार वर आहे. त्यानं कादंबऱ्या लिहिल्या, मिथकं आणि लोकगाथांवर लिहिलं, शिकागो विद्यापीठात अनेक वर्षं शिकवलं, सोळा खंडांच्या धर्मकोशाचं संपादन केलं. आणि याच माणसानं १९३७ साली, वयाच्या तिशीत, रुमानियातल्या एका ज्यूद्वेष्ट्या आणि राजकीय खून करणाऱ्या संघटनेच्या बाजूनं वर्तमानपत्रांत लेख लिहिले. पुढे आयुष्यभर त्याबद्दल तो एक तर गप्प राहिला, नाही तर उडवाउडवीची उत्तरं देत राहिला.

दांडिया बाजारात आम्ही काही जण पुस्तकांवर बोलायला जमतो. विद्यापीठात शिकणारी एक मुलगी तिथे म्हणाली, "काका, एवढा विद्वान माणूस असल्या लोकांत गेलाच कसा? आणि गेला असेल तर आम्ही त्याला वाचायचं का?" प्रश्न दोन आहेत. पहिल्याचा उलगडा झाल्याशिवाय दुसऱ्याला हात घालता येत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

लोकसाहित्याचं वेड माणसाला कडवा राष्ट्रवादी बनवतं, असं सरसकट म्हणणारे आहेत. मला ते पटत नाही. एलियादेच्या बाबतीत घडलं ते असं की लोकगाथा त्यानं जवळ केल्या, पण त्या गाणारी माणसं त्याच्या अभ्यासात आलीच नाहीत. गाणारीला वगळलं की गाणं कुणाच्याही कामाला जुंपता येतं. त्याच्या काळात ते जुंपायला एक संघटना तयार होती.

एलियादेचा जन्म १९०७ चा, बुखारेस्टचा. वडील लष्करी अधिकारी. पोरगा माळ्यावरच्या खोलीत पुस्तकांच्या ढिगात राहायचा आणि झोप कमी करत करत रात्री जागून वाचायचा. चौदाव्या वर्षी त्याचा पहिला लेख छापून आला, तोही रेशमाच्या किड्याच्या शत्रूंवर. विद्यापीठात गेल्यावर त्याला नाए इयोनेस्कु नावाचे प्राध्यापक भेटले. ते तर्कशास्त्र आणि तत्त्वज्ञान शिकवत आणि एक दैनिकही चालवत. विद्यार्थी त्यांच्यावर जीव टाकत. त्यांचं एक मत नीट लक्षात ठेवायला हवं, कारण पुढचं बरंचसं त्यातून निघतं. रुमानियन असणं म्हणजे जन्मानं ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती असणं, असं ते मानत. बाकीच्यांनी कर भरावा, कायदा पाळावा, चांगले नागरिक व्हावं. पण रुमानियन? ते त्यांना कधीच होता यायचं नाही.

एलियादे भारतात आला तो १९२८ च्या अखेरीस. रोममध्ये अभ्यास करताना सुरेंद्रनाथ दासगुप्तांचा भारतीय तत्त्वज्ञानाचा इतिहास त्याच्या हाती पडला. दासगुप्तांना आणि त्यांचे आश्रयदाते कासिमबाजारचे महाराज मणींद्रचंद्र नंदी यांना त्यानं पत्रं लिहिली, महाराजांनी शिष्यवृत्ती दिली, आणि तो कलकत्त्याला संस्कृत शिकू लागला. पुढे गुरूच्या घरीच राहायला गेला. तिथे त्यांची मुलगी मैत्रेयी आणि तो जवळ आले, आणि १९३० मध्ये त्याला घराबाहेर काढण्यात आलं. त्यानंतर काही महिने तो हृषीकेशला राहिला आणि १९३१ संपता संपता मायदेशी परतला. त्यानं १९३३ मध्ये या प्रेमावर कादंबरी लिहिली, मैत्रेयी देवींनी १९७४ मध्ये 'न हन्यते' लिहून आपली बाजू मांडली आणि त्या पुस्तकाला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. आपल्याकडे एलियादे म्हटलं की बहुतेकांना एवढंच आठवतं. इथे मला त्यापेक्षा दुसरी गोष्ट महत्त्वाची वाटते. भारतातली खेडी पाहून त्याच्या मनानं घेतलं की शेतकऱ्यांच्या श्रद्धांचा एक फार जुना थर आहे आणि तो बाल्कन प्रदेशापासून भारतापर्यंत सारखाच पसरलेला आहे. हा विचार देशांच्या सीमा ओलांडणारा होता. तो धरून ठेवला असता तर पुढची गोष्ट कदाचित वेगळी झाली असती.

तो परतला तो रुमानिया कसा होता? पहिल्या महायुद्धानंतर देशाचं क्षेत्रफळ दुपटीहून अधिक झालं होतं. ट्रान्सिल्व्हानिया, बुकोविना, बेसाराबिया हे प्रांत जोडले गेले आणि त्यांच्याबरोबर हंगेरियन, जर्मन, ज्यू, युक्रेनियन असे अनेक समाज आले. १९३० च्या जनगणनेत लोकसंख्या सुमारे १ कोटी ८० लाख होती, त्यांत रुमानियन सुमारे ७२ टक्के आणि ज्यू सुमारे ४ टक्के. ज्यूंना सरसकट नागरिकत्व मिळालं ते १९२३ च्या राज्यघटनेनं, आणि तेसुद्धा विद्यापीठांतल्या अनेक विद्यार्थ्यांना सहन झालं नाही. त्यांनी ज्यूंच्या प्रवेशावर मर्यादा घालण्यासाठी आंदोलनं केली. त्यात मंदी आली. शिकलेल्या तरुणांना नोकऱ्या मिळेनात, पुढारी भ्रष्ट म्हणून बदनाम. असा राग साचला की तो कुणावर काढायचा ते सांगणारा कुणी तरी पुढे येतोच.

तो पुढे आला तो कॉर्नेलिऊ कोद्रेआनु. १९२४ मध्ये त्यानं याश शहराच्या पोलीसप्रमुखाला गोळ्या घालून ठार मारलं होतं आणि ज्यूरीनं त्याला निर्दोष सोडलं होतं. १९२७ मध्ये त्यानं 'देवदूत मायकेलचं लीजन', म्हणजे सेना, स्थापन केलं. त्याच चळवळीला पुढे 'आयर्न गार्ड', म्हणजे लोखंडी रक्षकदल, या नावानं जग ओळखू लागलं. हिरवे सदरे हा त्यांचा गणवेश.

ही संघटना समजून घ्यायची तर तिची बाहेरची रूपं आधी पाहायला हवीत, कारण हुशार माणसं त्यांनाच भुलली. कोद्रेआनु शेतकऱ्यांचा पारंपरिक पांढरा वेष घालून घोड्यावरून खेड्यांत फिरायचा. लीजनचे तरुण रस्ते आणि बंधारे बांधत, पडकी चर्चं दुरुस्त करत, उपास धरत, प्रार्थना करत. जुन्या रणभूमींवरची माती भरलेली छोटी पिशवी गळ्यात बांधत. बैठकांत लोकगीतं म्हणत. शहरात वाढलेल्या लेखकाला पुस्तकांतली ग्रामीण संस्कृती इथे चालती-बोलती झाल्यासारखी वाटली असणार. या सगळ्याच्या आत पहिल्या दिवसापासून ज्यूंचा द्वेष होता, आणि मारणं व मरणं यांचं उघड कौतुक होतं. १९३३ च्या डिसेंबरात लीजनच्या तिघांनी पंतप्रधान इऑन दुका यांचा सिनाया रेल्वे स्थानकावर खून केला.

जहाल राजकारण म्हटलं की बडोद्यात लगेच अरविंद घोष आठवतात. १८९३ ते १९०६ या काळात ते इथे संस्थानच्या नोकरीत होते आणि इथूनच त्यांनी मुंबईच्या 'इंदुप्रकाश'मध्ये काँग्रेसच्या मवाळ धोरणावर लेख लिहिले. त्या जहालपणावर वाद जरूर घालावा. पण तो परक्या राज्यकर्त्यांविरुद्ध होता. लीजनचा शत्रू शेजारच्या गल्लीतला शिंपी होता, वर्गातला सोबती होता. हा फरक डोळ्याआड केला तर दोन्ही गोष्टी चुकीच्या समजतात.

एलियादे काही पहिल्या दिवशी तिकडे गेला नाही. परतल्यावर तो नाए इयोनेस्कुंचा सहायक म्हणून विद्यापीठात शिकवू लागला. १९३२ च्या सुमाराला बुखारेस्टच्या तरुण लेखकांचा 'क्रितेरिऑन' नावाचा गट जाहीर व्याख्यानं घ्यायचा. फ्रॉइडपासून गांधींपर्यंत सगळ्यांवर वाद झडत. त्या वर्तुळात पुढे जगप्रसिद्ध झालेला विचारवंत एमिल चोरान होता, नाटककार यूजीन आयनेस्को होता, मिहाईल सेबास्तियान हा ज्यू कादंबरीकार होता. सेबास्तियान आणि एलियादे जिवलग मित्र. १९३४ मध्ये सेबास्तियाननं आपल्या कादंबरीला प्रस्तावना मागितली ती नाए इयोनेस्कुंकडे, कारण तेच त्याचेही गुरू. आणि गुरूनं प्रस्तावनेत लिहिलं की ज्यूंच्या नशिबी दुःख अटळ आहे, त्यांना तारण नाही. तेव्हा एलियादेनं आपल्या गुरूला जाहीर उत्तर दिलं. देवाची कृपा कुणाला मिळेल हे माणसानं ठरवायचं नसतं, असा त्याचा धार्मिक युक्तिवाद होता. म्हणजे १९३४ मध्ये हा माणूस मित्राच्या बाजूनं उभा राहू शकत होता. म्हणूनच पुढच्या तीन वर्षांतली घसरण मनाला फार लागते.

१९३७ च्या जानेवारीत लीजनचे दोन पुढारी, इऑन मोत्सा आणि वासिले मारिन, स्पेनच्या यादवी युद्धात फ्रँकोच्या बाजूनं लढताना मारले गेले. त्यांच्या शवपेट्या रेल्वेनं देशभर फिरवून बुखारेस्टला आणल्या, आणि अंत्ययात्रेला प्रचंड गर्दी लोटली. एलियादेनं त्यांच्यावर लेख लिहिला. स्वतःहून पत्करलेल्या त्या मरणात त्याला ख्रिस्ती धर्मासाठी दिलेलं बलिदान दिसलं, त्याला गूढ अर्थ दिसला. त्याच वर्षी सप्टेंबरात त्याचा 'आंधळे नावाडी' अशा अर्थाच्या मथळ्याचा लेख आला. १९१८ पासूनच्या राज्यकर्त्यांनी हंगेरियन, ज्यू वगैरे अल्पसंख्याकांना बळकट होऊ दिलं, हा त्यातला मुख्य आरोप. मग निवडणूक आली. १७ डिसेंबर १९३७ ला लीजनच्या बाजूच्या एका दैनिकात त्याच्या नावानं मजकूर छापला गेला, लीजनच्या विजयावर माझा विश्वास का आहे, हे सांगणारा. लीजनच्या पक्षाला सुमारे १५.६ टक्के मतं पडली आणि तो तिसऱ्या क्रमांकावर आला. तो मजकूर मी लिहिलाच नव्हता, असं एलियादे पुढे म्हणत राहिला. तो दावा घटकाभर मान्य केला तरी बाकीचे लेख उरतातच.

सेबास्तियान या सगळ्या वर्षांत रोजनिशी लिहीत होता. मित्र हळूहळू कसे बदलले, काल घरी जेवायला आलेले आज काय बोलू लागले, हे त्यानं न ओरडता, दुखऱ्या आवाजात नोंदवलं आहे. आयनेस्कोनंही तेच पाहिलं. एका गावातली माणसं एकामागून एक गेंडे होत जातात, हे त्याचं नाटक १९५९ मध्ये रंगमंचावर आलं. त्याचं मूळ १९३० च्या दशकातल्या बुखारेस्टमध्ये असल्याचं त्यानं स्वतः सांगितलं आहे.

पुढचा राजकीय प्रवास थोडक्यात सांगतो. १९३८ मध्ये राजा दुसरा कारोल यानं हुकूमशाही आणली आणि लीजनवर घाव घातला. कोद्रेआनुला अटक झाली आणि नोव्हेंबरात तुरुंगातून हलवताना वाटेत मारण्यात आलं. एलियादेलाही जुलैत पकडून मिएर्कुरेआ-च्युकच्या छावणीत ठेवलं. लीजनशी संबंध तोडल्याच्या कागदावर त्यानं सही केली नाही. तब्येत बिघडल्यावर त्याला आरोग्यधामात हलवलं आणि नंतर सोडलं. विद्यापीठातली जागा गेली. १९४० मध्ये त्याला लंडनच्या वकिलातीत नेमणूक मिळाली, १९४१ च्या सुरुवातीला लिस्बनला. तो बाहेर असताना लीजन काही महिने सत्तेत आलं. त्या काळात त्यांनी इतिहासकार निकोलाए योर्गा यांचा खून केला, आणि जानेवारी १९४१ मधल्या बंडाच्या वेळी बुखारेस्टमध्ये सव्वाशेच्या आसपास ज्यूंची कत्तल केली. लिस्बनला एलियादेनं पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याच्यावर पुस्तक लिहिलं. १९४२ च्या उन्हाळ्यात तो बुखारेस्टला येऊन गेला, पण सेबास्तियानला भेटला नाही. सेबास्तियान युद्धातून वाचला आणि १९४५ च्या मे महिन्यात ट्रकखाली सापडून गेला. त्यामुळे ती भेट राहिली ती राहिलीच.

आता लोकगाथांकडे येऊ. मला खरं सांगायचं आहे ते इथे आहे.

रुमानियात दोन गाथा सगळ्यांना पाठ असतात. पहिली 'मिओरित्सा', म्हणजे छोटी मेंढी. कवी वासिले आलेक्सांद्री यांनी ती १८५० मध्ये छापली. तीन मेंढपाळ डोंगरउतारावरून कळप घेऊन येत असतात. दोघे तिसऱ्याला मारायचा कट करतात, आणि एक मेंढी त्याला ते सांगते. तो पळत नाही, लढतही नाही. मला मेंढवाड्याजवळ पुरा, उशाशी पावा ठेवा, असं तो म्हणतो. आईला सांग की माझं एका राजकन्येशी लग्न झालं. बाकीच्या मेंढ्यांना सांग की त्या लग्नात चंद्रसूर्यांनी मुकुट धरला, ताऱ्यांच्या मशाली होत्या. दुसरी गाथा मानोले नावाच्या कारागिराची. मठाच्या भिंती दिवसा चढतात, रात्री ढासळतात. मग ठरतं की उद्या सकाळी शिदोरी घेऊन जी बाई पहिली येईल तिला भिंतीत चिणायचं. येते ती मानोलेचीच बायको.

या दोन गाथांत एलियादेला रुमानियन लोकांच्या अध्यात्माचा गाभा दिसला. मानोलेवर त्यानं १९४३ मध्ये स्वतंत्र पुस्तक लिहिलं. वास्तू टिकायची तर तिला प्राण द्यावा लागतो, आणि बलिदानाचं मरण हे निर्माण करणारं मरण असतं, हा त्याचा सिद्धान्त. मिओरित्सावर तो पुढे म्हणाला की मेंढपाळ आपल्या दुर्दैवाला विश्वव्यापी विवाहसोहळ्याचं रूप देतो आणि असा नियतीवर मात करतो. लेखन म्हणून हे विलक्षण आहे, वाचताना भारून जायला होतं. मोत्सा आणि मारिन यांच्यावरचा लेख शेजारी ठेवला की मात्र अंगावर काटा येतो. मरण निर्माण करतं, बलिदानावर राष्ट्र उभं राहतं, हीच भाषा तिथेही आहे. लीजनही तरुणांना हेच शिकवत होतं.

त्याच काळात रुमानियात कॉन्स्तांतिन ब्राइलोयु नावाचा लोकसंगीताचा अभ्यासक होता. तो ध्वनिमुद्रण यंत्र घेऊन खेड्यांत जायचा, बायांचं रडगाणं ऐकायचा, कोण कधी काय गातं ते टिपायचा. १९२८ मध्ये त्यानं लोकसंगीताचं अभिलेखागार उभं केलं. १९४६ मध्ये मिओरित्सावर त्याचा छोटासा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यानं दाखवलं ते साधं होतं. रुमानियन खेड्यात लग्नाआधी तरुण मुलगा गेला तर त्याच्या अंत्यविधीत लग्नाचे विधी मिसळतात, आणि मेंढपाळाच्या तोंडची ती ताऱ्यांची वरात अशा शोकगीतांतूनच आलेली आहे. हे सगळं कशासाठी? अतृप्त राहिलेला जीव परत येऊ नये, शांत व्हावा म्हणून. मरणाला आनंदानं मिठी मारण्याचा इथे काही संबंध नाही. मागे उरलेल्यांनी केलेली ती सोय आहे. आपल्याकडेही काही समाजांत अविवाहित मृताचं रुईशी लग्न लावण्याची रीत नोंदलेली आहे. ती पाहून महाराष्ट्राला मरणाची ओढ आहे असं कुणी म्हटलं तर आपण काय म्हणू?

ब्राइलोयुचं काम एलियादेला माहीत होतं, त्यानं त्याचा उल्लेखही केला आहे. पण विधी कुणीकडून आला यापेक्षा त्यातला सनातन अर्थ मोठा, असं त्याचं म्हणणं. दोघांतला हा मतभेद माझ्या मते साऱ्या प्रकरणाची किल्ली आहे.

मानोलेचंही तेच. बडोद्याच्या मराठी घरांत गुजराती गाणी आपसूक कानावर पडतात. त्यांतलं एक वावीचं, म्हणजे पायऱ्यांच्या विहिरीचं, आहे. बारा बारा वर्षं वाव खणली तरी पाणी लागत नाही. जोशी सांगतो, मुलगा आणि सून यांचा बळी द्या. दोघं एकेक पायरी उतरतात आणि पाणी घोट्याला, गुडघ्याला, कमरेला असं चढत जातं. सेवासीची वाव आमच्या शहराच्या वेशीवरच आहे. त्या पायऱ्या उतरून पाहिल्या की गाण्यातलं ते चढतं पाणी जास्तच जाणवतं. कर्नाटकात 'केरेगे हार', म्हणजे तळ्याला बळी, हे गाणं घरोघरी माहीत आहे. तिथे तळ्यासाठी भागीरथी नावाची धाकटी सून जाते. सर्बियात, ग्रीसमध्ये, हंगेरीतही पुलासाठी किंवा किल्ल्यासाठी चिणलेल्या बाईची गाणी आहेत. इतक्या ठिकाणी जी गोष्ट गातात ती एका राष्ट्राच्या आत्म्याची खूण कशी ठरेल? एलियादेनं बाल्कनमधली आणि बाहेरची रूपं स्वतः गोळा केली होती. त्यामुळे हे त्याला दिसत नव्हतं असं म्हणता येत नाही.

आणि ही गाणी ऐकताना बाई काय म्हणते तिकडे कान द्यावा. भागीरथी आधी माहेरी जाते, मैत्रिणीकडे जाते, मन मोकळं करायला बघते. मानोलेच्या गाथेत भिंत चढत जाते तशी बायको ओरडून सांगते की भिंत आवळतेय, पोटातलं बाळ चिरडतंय. कन्नड गाण्यात शेवटी नवराही त्याच तळ्यात उडी घेतो. ही गाणी बायकांच्या तोंडी पिढ्यान् पिढ्या टिकली. भिंत किती सुंदर उभी राहिली हे सांगण्यासाठी ती टिकली असं मला वाटत नाही. मठाला काय मिळालं, हे एलियादेनं विचारलं. चिणलेल्या बाईकडून पाहायचं राहून गेलं.

आपल्याकडे याच वाटेवर चाललेला एक माणूस आहे, आणि त्याला इथे आणल्याशिवाय माझं म्हणणं पुरं होत नाही. साने गुरुजी राष्ट्रवादी होते, लेखक होते, आणि त्यांनी बायकांच्या ओव्या गोळा करून 'स्त्रीजीवन' सिद्ध केलं. त्या ओव्यांत सासुरवास आहे, भावाची वाट पाहणं आहे, कंबर मोडणारं काम आहे, विठ्ठल आहे. गुरुजींना त्यातून माणसं दिसली. १९४७ च्या मे महिन्यात पंढरपूरचं विठ्ठलमंदिर हरिजनांना खुलं व्हावं म्हणून त्यांनी दहा दिवस उपोषण केलं आणि दार उघडलं. लोकपरंपरेवर त्यांचं प्रेम एलियादेपेक्षा कमी नव्हतं. त्या प्रेमाच्या जोरावरच त्यांनी परंपरेकडे बंद दाराचा जाब मागितला. पुढे त्यांनी आंतरभारतीचं स्वप्न मांडलं, सगळ्या प्रांतांनी एकमेकांच्या भाषा शिकाव्यात म्हणून.

युद्धानंतरचा एलियादे वेगळ्याच आयुष्यात गेला. १९४५ मध्ये पॅरिस, मग शिकागो, कीर्ती, देशोदेशीचे विद्यार्थी. रुमानियाला तो परत गेला नाही. १९७२ मध्ये इस्रायलमधल्या एका छोट्या रुमानियन नियतकालिकानं त्याच्या जुन्या लेखांची आणि संबंधांची माहिती छापली. ज्यू गूढवादाचे थोर अभ्यासक गेर्शोम शोलेम त्याचे स्नेही. त्यांनी पत्र लिहून विचारलं, हे काय आहे? लीजनच्या प्रचाराचं एकही पान लिहिल्याचं मला आठवत नाही, अशा आशयाचं उत्तर एलियादेनं दिलं. आत्मचरित्रात तर कोद्रेआनुच्या दृष्टीनं लीजन ही राजकीय गोष्ट नव्हतीच, ती नैतिक आणि धार्मिक चळवळ होती, असं लिहिलं. एलियादे १९८६ मध्ये गेला. सेबास्तियानची रोजनिशी रुमानियात १९९६ मध्ये छापली गेली, आणि मग जे कुजबुजीत होतं ते सर्वांसमोर आलं. त्याआधी, १९९१ च्या मे महिन्यात, एलियादेचा लाडका शिष्य इऑन कुलियानु याला शिकागो विद्यापीठातच कुणी तरी गोळी घालून मारलं. गुरूच्या भूतकाळाबद्दल तो मोकळेपणी प्रश्न विचारू लागला होता. पण खून कुणी आणि का केला हे उलगडलेलं नाही, म्हणून त्यावर तर्क करणं मी टाळतो.

एलियादेच्या शास्त्रीय लेखनात त्याच्या राजकारणाचा किती अंश आहे, यावर अभ्यासकांत अजून भांडण आहे. काहींच्या मते दोन्ही वेगळं ठेवता येतं. मला लोकगाथांवरच्या लेखनात ते वेगळं ठेवता येत नाही. योगावरच्या ग्रंथात बऱ्याच प्रमाणात येतं.

त्या मुलीला मी म्हणालो, "बेटा, वाच. पण त्याचं मिओरित्सावरचं वाचशील तेव्हा ब्राइलोयुचंही वाच, आणि १९३० च्या दशकातलं काहीही वाचताना सेबास्तियानची रोजनिशी उघडी ठेव." तिनं लगेच पुढचं विचारलं, "काका, पण त्याला तेव्हा ठाऊक तरी होतं का, हे लोक कसे आहेत ते?"

ठाऊक होतं. १९२४ मध्ये कोद्रेआनुनं पोलीसप्रमुखाला मारलं होतं. १९३३ मध्ये पंतप्रधानाचा खून झाला होता. १९३६ च्या जुलैमध्ये लीजन सोडून गेलेल्या मिहाई स्तेलेस्कुला दहा जणांनी इस्पितळातल्या खाटेवर गोळ्या घालून मारलं आणि नंतर त्याच्या प्रेतावर कुऱ्हाडी चालवल्या. हे सगळं बुखारेस्टच्या वर्तमानपत्रांत आलं होतं, आणि एलियादे त्या वर्षांत बुखारेस्टच्या वर्तमानपत्रांसाठी सतत लिहीत होता.